इश्श ते हाल्ब फीअर

परक्या भाषेत शिकायला निघालेल्या माणसाची धास्ती विमानतळावर सुरू होत नाही. ती सुरू होते दीड-दोन वर्षे आधी, भाषेच्या वर्गात, बहुधा तिसऱ्या बाकावर. पहिल्या बाकावर बसण्याइतका धीर नसतो आणि शेवटच्या बाकावर बसलो तर शिक्षक मुद्दाम उठवतात, एवढा शालेय अनुभव प्रत्येकाच्या गाठीशी असतो. या धास्तीचा प्रवास पाहायचा तर पुणे ते गॉटिंगन हा मार्ग सोयीचा पडतो. तो चालता आहे: २०२३-२४च्या हिवाळी सत्रात जर्मन विद्यापीठांत ४९,४८३ भारतीय विद्यार्थी होते, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत जास्त. त्यांतले पुष्कळ जण इंग्रजीतून शिकतात, त्यांना इथे वगळले आहे. जे जर्मनमधूनच शिकायचे ठरवून बसतात त्यांचाच हा वृत्तांत.

शिवाय हा मार्ग जुना आहे आणि त्याचा पहिला नामांकित प्रवासी उलट्या दिशेने आला. फ्रान्झ कीलहॉर्न हा जर्मन पंडित १८६६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवायला दाखल झाला. मातृभाषा जर्मन, नोकरी इंग्रज सरकारची, विषय संस्कृत आणि गाव पुणे, जिथे दुसऱ्याचे उच्चार सुधारणे हा आजही घरगुती उद्योग आहे. हा गृहस्थ पंधरा वर्षे टिकला. पतंजलीचे महाभाष्य संपादून त्याने छापायला घेतले आणि १८८२मध्ये गॉटिंगनला प्राध्यापक म्हणून गेला. आज गॉटिंगनला निघालेल्या पुणेकराने घाबरण्याआधी त्याची आठवण काढायला हरकत नाही. अर्थात काढत कुणी नाही.

शास्त्राने या धास्तीची दखल घेतलेली आहे. १९८६मध्ये हॉर्विट्झ, हॉर्विट्झ आणि कोप या तिघा अमेरिकन अभ्यासकांनी ती मोजायला ३३ विधानांची मोजपट्टी तयार केली आणि तिचे तीन धागे वेगळे काढले: बोलण्याची भीती, परीक्षेची भीती आणि लोक आपल्याला काय समजतील याची भीती. मराठीत या तिन्हींना मिळून ‘फजिती’ हा एक शब्द पुरतो. व्याकरणाला कुणी घाबरत नाही. व्याकरण चुकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे काही उमटते त्याला माणूस घाबरतो.

पुण्यात जर्मन शिकण्याची दोन ठिकाणे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहेत. एक फर्ग्युसन रस्त्यावरचे रानडे इन्स्टिट्यूट आणि दुसरे बोट क्लब रस्त्यावरचे मॅक्समुल्लर भवन. ज्या माक्स म्युलरचे नाव या भवनाला दिले आहे त्याने ऋग्वेद छापला, ऑक्सफर्डला आयुष्य काढले, पण भारतात कधी पाऊल ठेवले नाही. जायचे धाडस न करताही एखाद्या देशात अमर होता येते, हा धडा फी भरण्याआधीच भिंतीवर लिहिलेला असतो.

पहिल्या तासाला जो शब्द शिकवतात तो ऐकून मराठी वर्गाची निम्मी धास्ती क्षणभर ओसरते. जर्मनमध्ये ‘मी’ म्हणजे ‘इश’. शेवटचा उच्चार श आणि ख यांच्या मधोमध कुठेतरी, टाळूला घासून काढायचा असतो. तो जमेपर्यंत वीस-पंचवीस प्रौढ माणसे, त्यांत एक-दोन मिशाळ मेकॅनिकल इंजिनियर, एका सुरात ‘इश्श, इश्श’ म्हणत राहतात. मराठी नाटकांतल्या सगळ्या नवपरिणीत वधू एका खोलीत कोंडल्यासारखे वाटते. ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ याचे जर्मन वाक्यही इश्शनेच सुरू होते, हे पुढच्या आठवड्यात कळते आणि ते मात्र सगळ्यांना मनापासून पटते.

मग लिंगे येतात. देअर, दी आणि दास, म्हणजे तो, ती आणि ते. यावर मार्क ट्वेनने १८८०मध्ये लांबलचक निबंध लिहून आकांत केला होता. जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी कशी, हे त्याला पचेना. मराठी माणसाला त्यात काहीच नवल नाही. ‘ते पोरगं’, ‘ते कार्टं’ म्हणत तो वाढलेला असतो. नपुंसकलिंग हे त्याच्या घरचेच असते. अडचण वेगळीच आहे, आणि ती इंग्रजी बोलणाऱ्याला कधी कळणार नाही: मराठी माणसाच्या डोक्यात जगातल्या प्रत्येक वस्तूचे लिंग आधीच ठरलेले असते. पुस्तक नपुंसकलिंगी, जर्मनमध्येही तसेच, घराचेही तेच. इथवर विश्वास बसतो. मग जेवणाच्या टेबलावर घात होतो. चमचा तिकडेही पुल्लिंगी निघतो, पण काटा बाई होतो आणि सुरी नपुंसक. खिडकी नपुंसक, दार मात्र स्त्री. खुर्ची पुरुष, आणि आपण ज्याला ते म्हणतो ते टेबलही पुरुषच. शिकणारा दोन्ही भाषांत एकाच वेळी अडखळू लागतो. तिसऱ्या महिन्यात घरी ‘तो खुर्ची सरकव’ असे तोंडून गेले की आई तापमापक शोधू लागते.

विभक्तींचे भय मात्र अनाठायी. शाळेत ‘स, ला, ते, स, ला, ना, ते’ घोकून आठ विभक्तींतून जो तरला त्याच्यापुढे जर्मन चारच ठेवते. हा सरळ पन्नास टक्के सूट दिल्याचा प्रकार आहे. चार या आकड्याला जर्मनमध्ये ‘फीअर’ म्हणतात, हे इंग्रजी माध्यमातून आलेल्यांना सूचक वाटते.

बाकीच्या आकड्यांचेही तसेच. जर्मन लोक एकवीसला ‘एक आणि वीस’ म्हणतात, पंचाहत्तरला ‘पाच आणि सत्तर’. इंग्रज यावर हतबल होतो. मराठी माणूस म्हणतो, मग दुसरे काय म्हणायचे? बालभारतीने २०१९मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ असे वाचन आणले तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला होता. जर्मनीत बोखुम शहरात नेमक्या याच मागणीसाठी, नेमक्या याच नावाची, ‘त्स्वान्त्सिशआइन्स’ म्हणजे ‘वीस एक’ ही संस्था आहे, पण तिच्याकडे जर्मन जनता फारसे लक्ष देत नाही. एकोणऐंशी हा शब्द ज्याने पचवला त्याला जगातल्या कुठल्याही आकड्याची भीती वाटू नये.

घड्याळाशी मात्र सावध राहावे लागते. जर्मनमध्ये ‘हाल्ब फीअर’ म्हणजे शब्दशः ‘अर्धा चार’ आणि अर्थ साडेतीन. चौथा तास अर्धा झाला, असा त्यामागचा हिशेब. हा हिशेब परका नाही. ‘अडीच’ हा शब्द संस्कृत ‘अर्धतृतीय’वरून आला आहे. तिसरा अर्धा, म्हणून अडीच. म्हणजे दीड आणि अडीच या दोन मुक्कामांवर मराठी आणि जर्मन घड्याळे एकाच चालीने चालतात. साडेतीनला मराठी फुटून वेगळी होते. वर्गातला प्रत्येक जण हे वहीत लिहून घेतो, खाली दोन रेघा मारतो आणि आपल्याला हे समजले असे मानून पुढच्या धड्याकडे वळतो. ही वही पुढे कामाला येत नाही.

वर्गाच्या शेवटी परीक्षा असते. पायऱ्या सहा, ए-१पासून सी-२पर्यंत. विद्यापीठात जर्मनमधून शिकायचे तर बहुतेक जण ‘टेस्टडाफ’ देतात. वाचणे, ऐकणे, लिहिणे आणि बोलणे असे तिचे चार विभाग. पुन्हा फीअर. चारही विभागांत चौथी श्रेणी मिळाली की बहुतेक दारे उघडतात. बोलण्याच्या विभागात समोर माणूस नसतो. कानाला हेडफोन लावून संगणकाशी बोलायचे असते. हसणारे कुणी नाही म्हणजे धास्ती निम्मी व्हायला हवी. ती दुप्पट होते, कारण संगणकाला ‘काय म्हणालात?’ असे विचारता येत नाही. यंत्र परिस्थिती सांगते, विचार करायला थोडा वेळ देते आणि मग ऐकू लागते. शेजारच्या खुर्चीवरची मुलगी त्याच क्षणी, त्याच विषयावर, घडाघडा बोलू लागते. या चाळीसेक सेकंदांत माणसाला स्वतःच्या मातृभाषेतला शब्दही आठवत नाही. आठवते फक्त ‘इश’, आणि तेही लाजल्यासारखे बाहेर पडते.

परीक्षेपेक्षा अवघड जागा म्हणजे नातेवाइकांचे घर. परदेशी जाणाऱ्याने निघण्याआधी भेटून यायचे असते आणि तिथे चहा येण्याआधी मावशी म्हणते, “अरे, बोलून दाखव की काहीतरी जर्मन!” दोन वर्षांत कमावलेले सगळे शब्द त्या सोफ्यावर बसल्याबसल्या गळून पडतात. मुलगा कसेबसे “गुटन टाग” म्हणतो. मावशी वाट पाहते. पुढे काही येत नाही असे दिसल्यावर विचारते, “एवढंच? याला एवढी फी घेतात?” कोपऱ्यात बसलेले काका कधीकाळी कंपनीच्या कामासाठी तीन आठवडे जर्मनीत राहून आलेले असतात. ते वर्तमानपत्राआडून सांगतात, “तिकडे सगळ्यांना इंग्लिश येतं रे. उगाच कशाला डोकेफोड?” असल्या दिलाशाने मुलाची दोन वर्षे एका वाक्यात फुकट जातात.

काकांचे म्हणणे निदान १९२९ साली तरी खरे नव्हते. राममनोहर लोहिया त्या वर्षी बर्लिनला शिकायला गेले. प्राध्यापक वेर्नर झोम्बार्ट यांच्यापुढे त्यांनी इंग्रजीत आपली इच्छा मांडली, तेव्हा आपल्याला इंग्रजी येत नाही असे उत्तर मिळाले, आणि तीन महिन्यांनी येतो असे सांगून लोहिया जर्मन शिकूनच परतले, ही गोष्ट त्यांच्या चरित्रांत हमखास सांगितली जाते. त्यांच्या एकच वर्ष आधी, १९२८मध्ये, इरावती कर्वे बर्लिनला पोचल्या आणि १९३०मध्ये मानवी कवट्यांच्या असमानतेवर प्रबंध लिहून डॉक्टर झाल्या. कवट्यांचा एक फायदा असा की त्या उच्चारांना हसत नाहीत.

मग कागदपत्रांचा काळ येतो आणि भाषेची धास्ती काही दिवस रजेवर जाते. नोव्हेंबर २०२२पासून, शैक्षणिक कागदपत्रे तपासणाऱ्या दिल्लीच्या एपीएस कचेरीचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले आहे. वर्षाच्या खर्चाचे पैसे बँकेच्या गोठवलेल्या खात्यात आधीच भरावे लागतात; सप्टेंबर २०२४पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे आणि तिथे गेल्यावर तीच आपली आपल्याला महिना ९९२ युरोंनी परत मिळते. त्या रकमेला रुपयांनी गुणण्यात घर असे गुंतते की क्रियापद वाक्याच्या शेवटी येते की दुसऱ्या जागी, याची फिकीर कुणालाच उरत नाही.

भाषेची धास्ती परत येते सामान भरताना. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे आणि साजूक तूप आधीच बाद होतात. उरते ते गोडा मसाला, भाजणी, लोणचे, तीन शिट्ट्यांचा कुकर आणि मेतकुटाची पिशवी. ही पिशवी म्हणजे घोर संकट. पिवळी, भुरभुरीत, दाबून भरलेली, रबर लावलेली. जकातीच्या अधिकाऱ्याने “वास इस्ट दास?” म्हणजे ‘हे काय आहे?’ असे विचारले तर सांगायचे काय? निघण्याच्या आदल्या रात्री विद्यार्थी शब्दकोश घेऊन बसतो. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, हळद, मोहरी, इथपर्यंत काम सुरळीत होते. मग तो हिंग शोधतो. हिंगाला जर्मनमध्ये ‘टॉयफेल्सड्रेक’ असा जुना शब्द आहे. ‘टॉयफेल’ म्हणजे सैतान आणि ‘ड्रेक’ म्हणजे घाण. म्हणजे अधिकाऱ्यापुढे उभे राहून, शांत चेहऱ्याने, ‘माझ्या बॅगेत भाजलेल्या डाळी आहेत आणि थोडी सैतानाची विष्ठा आहे, आईने दिलेली’ असे सांगायचे. झोप लागत नाही.

मुंबई-फ्रँकफुर्ट हे अंतर साधारण नऊ तासांचे. शेजारचा प्रवासी सिनेमा बघतो, विद्यार्थी ओठ न हलवता मेतकुटाचे वाक्य घोकतो. कर्म बरोबर, विभक्ती बरोबर, हिंगाच्या जागी ‘एक मसाला’ असा मोघम शब्द घालून सैतानालाही टाळलेले. फ्रँकफुर्टला जकातीच्या हिरव्या दाराशी दोन अधिकारी एकमेकांशी बोलत उभे असतात. ते मान वर करूनही बघत नाहीत. दार आपोआप उघडते, विद्यार्थी बाहेर पडतो आणि नऊ तास तयार केलेले वाक्य तसेच पोटात राहते. त्याला जे वाटते त्याला सुटका म्हणता येत नाही. थोडासा अपमानच वाटतो.

विमानतळालाच लागून लांब पल्ल्याच्या गाड्यांचे स्थानक आहे. तिथे खरी जर्मन भेटते, ती ध्वनिक्षेपकातून. वर्गातल्या ध्वनिफिती खोलीत बसून, पाणी पिऊन, स्पष्ट बोलणाऱ्या माणसांच्या असतात. फलाटावरचा आवाज बादलीतून येतो. त्यातून एकच शब्द वर येतो: ‘फेरश्पेटुंग’, म्हणजे उशीर. परदेशात पूर्णपणे कळलेला हा पहिला शब्द असतो आणि तो वारंवार उपयोगी पडतो. २०२४ साली जर्मनीतल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोचल्या, आणि वेळेवर याचा अर्थही सहा मिनिटांच्या आत असा आहे. जर्मन वक्तशीरपणाच्या कथा ऐकून घाबरलेल्या माणसाला फलाटावर घरच्यासारखे वाटू लागते. त्याहून मोठा दिलासा पुढे मिळतो. सूचना संपते, एक जर्मन आजी दुसऱ्या जर्मन आजोबांना विचारते, “काय म्हणाला हो?” आणि आजोबा खांदे उडवतात.

गॉटिंगन हानोफरच्या दक्षिणेला येते आणि हानोफरच्या बाजूची जर्मन सर्वांत शुद्ध, अशी जर्मनीत सर्वदूर समजूत आहे. पुणेकराला हा दावा ऐकून माहेरी आल्यासारखे वाटावे. मात्र शुद्ध भाषा आणि पावाचे दुकान यांचा संबंध नाही. छोट्या गोल पावाला गॉटिंगनमध्ये ब्रोटशेन म्हणतात. तोच म्युनिकला झेमेल, बर्लिनला श्रिपे, हांबुर्गला रुंटश्टुक आणि स्टुटगार्टकडे वेक्ले होतो. प्रत्येक गावाला बाकीच्यांची कीव येते. पोळी की चपाती या प्रश्नावर ज्यांनी वसतिगृहात भांडणे पाहिली आहेत त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

पावाच्या दुकानातली फजिती शब्दाची नसतेच. विद्यार्थी रांगेत उभा राहून ‘मला दोन ब्रोटशेन हवेत’ हे वाक्य तयार करतो, नंबर आल्यावर ते बिनचूक म्हणतो, आणि काउंटरवरची बाई पिशवी भरता भरता एका दमात म्हणते, “झोन्स्टनॉखवास?” ‘आणखी काही?’ असे तीन शब्दांचे वाक्य तिच्या तोंडी रोज पाचशेदा घासून एकच झालेले असते. ते तयारीत नव्हते. मागे रांग असते. अशा वेळी जगभरचा घाबरलेला माणूस जे करतो तेच विद्यार्थी करतो. तो “या” म्हणतो. ‘या’ म्हणजे हो. बाई हात थांबवून विचारते, “काय?” आता माघार नाही. तो बोटाने समोरचे काहीतरी दाखवतो. “झोन्स्टनॉखवास?” “या.” असे होत होत पहिल्या आठवड्यात पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरात खसखस लावलेल्या पावांचा साठा होतो.

दुसरा प्रकार याहून जिव्हारी लागतो. विद्यार्थी जुळवाजुळव करून जर्मन वाक्य बोलतो आणि समोरचा, अगदी मदतीच्या भावनेने, इंग्रजीत उत्तर देतो. काका बरोबर ठरतात. हे दुःख घरी सांगता येत नाही.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नागरिक-कचेरीत जाऊन नाव नोंदवावे लागते. त्यासाठी घरमालकाकडून ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ आणायचे असते. हा एक शब्द आहे. नवख्याला तो पाहून घेरी येते, पण शाळेत ज्याने समासाचा विग्रह केला आहे त्याने पेन्सिल घ्यावी: वोनुंग म्हणजे घर, गेबर म्हणजे देणारा, बेश्टेटिगुंग म्हणजे खातरी. घर देणाऱ्याची खातरी, षष्ठी तत्पुरुष. पाच गुण. हे काहीच नव्हे. गोमांसाच्या लेबलांवरील देखरेखीच्या कामांचे हस्तांतर करणारा एक कायदा मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्यात होता, त्याचे नाव ६३ अक्षरांचे एकच नाम होते. तो २०१३मध्ये रद्द झाला आणि जर्मन भाषेचा सर्वांत लांब कायदेशीर शब्द निकामी झाला. कचेरीतल्या अर्जात धर्माचाही रकाना असतो. ती चौकशी अध्यात्माची नसून कराची असते: चर्चच्या सभासदाला गॉटिंगनच्या राज्यात प्राप्तिकराच्या नऊ टक्के इतका चर्चचा कर लागतो. तिथे काय लिहावे यावर मराठी विद्यार्थी बराच वेळ विचार करतो आणि टेबलापलीकडचा माणूस घड्याळाकडे पाहतो.

विद्यापीठात पहिल्या दिवशीच्या तासाची वेळ दहा लिहिलेली असते आणि पुढे ‘सी. टी.’ अशी दोन लॅटिन अक्षरे. विद्यार्थी पावणेदहाला पोचतो. सभागृह रिकामे. दहा वाजतात, तरी रिकामे. आपण चुकीच्या इमारतीत, कदाचित चुकीच्या देशात आलो आहोत, अशी खात्री पटू लागते तेव्हा सव्वादहाला सगळे एकदम आत शिरतात. ती दोन अक्षरे ‘कुम टेम्पोरे’ची, म्हणजे पंधरा मिनिटे सूट देऊन. या प्रथेला ‘विद्यापीठीय पाव तास’ असे नावच आहे. पुण्यात ही प्रथा लॅटिनशिवाय चालते.

तासात निम्मे कळते. उरलेले निम्मे शेजाऱ्याच्या वहीत पाहून समजते की त्यालाही कळलेले नाही. तास संपताच मात्र शंभर-दीडशे मुले मुठींनी बाके बडवू लागतात. महाराष्ट्रात बाके बडवतात ती प्राध्यापकाला घालवण्यासाठी. इथे ती टाळ्यांऐवजी असतात. प्राध्यापक खूश होऊन मान लववतात आणि नवा विद्यार्थी बॅग छातीशी धरून दाराकडे सरकलेला असतो.

भाषा खऱ्या अर्थाने मुरते ती सामायिक घरातल्या स्वयंपाकघरात, आणि तिथे पुस्तकाबाहेरचे छोटे शब्द कामाला येतात. ‘डॉख’ हा त्यांतला राजा. शिक्षक त्याचा अर्थ तीन फळे भरून सांगतात, तरी कळत नाही, कारण ते इंग्रजीतून सांगतात. मराठीत तो एका अक्षराचा आहे: ‘की’. ‘येतोस ना?’ ‘येतो की!’ एखाद्याने ‘दूध संपलं’ म्हणावे आणि दुसऱ्याने फ्रीज उघडून ‘आहे की!’ म्हणावे, तो हा डॉख. ‘माल’ म्हणजे आपले ‘जरा’. ‘जरा इकडे ये’मधला ‘जरा’ जसा वेळ मोजत नाही, नुसता आज्ञेची धार बोथट करतो, तसाच हा. ही जोडी एकदा जुळली की विद्यार्थी आधी ‘की’ कुठे आला असता ते मनात पाहतो आणि तिथे डॉख ठेवून देतो. दहातल्या आठ वेळा बरोबर येते.

उरलेल्या दोन वेळा घरचा फोन आलेला असतो. ‘काका’ हा शब्द जर्मन बाळांच्या भाषेत शौचाशी संबंधित आहे. विद्यार्थी गॅसपाशी उभा राहून मोठ्याने, प्रेमाने, “काका! काका, ऐकू येतंय का? काका!” असे ओरडत असतो, कढईत हिंग तडतडत असतो, आणि टेबलाशी बसलेले दोघे जर्मन पावावरचा हात थांबवून त्या दोन गोष्टींची सांगड घालत असतात. तेव्हा कुठे, विमानात टाळलेला ‘टॉयफेल्सड्रेक’ शेवटी उच्चारला जातो. त्या दोघांना तो शब्द माहीत नसतो. तो खरा आहे की नाही हे पाहायला ते त्यांच्याच भाषेचा शब्दकोश काढतात.

धास्तीचे शेवटचे ठाणे टेलिफोन हे होय. समोर चेहरा नाही, हात नाहीत, बोटाने पाव दाखवायची सोय नाही. दाढ दुखू लागल्यावर दातांच्या डॉक्टरची वेळ घ्यायला फोन करण्यावाचून इलाज राहत नाही, आणि तिथली बाई आधी नाव विचारते. आडनाव कुलकर्णी असेल तर ते अक्षर अक्षर सांगावे लागते. २०२२पासून जर्मनीत यासाठी शहरांच्या नावांची यादी प्रमाण धरली आहे. विद्यार्थी ती समोर ठेवून, दुखऱ्या जबड्याने, सुरू करतो: क्योल्न, उन्ना, लाइपझिग, पुन्हा क्योल्न, आखेन, रॉस्टॉक, न्युर्नबर्ग, इंगेलहाइम. एका आडनावात पश्चिम सीमेपासून बाल्टिक समुद्रापर्यंत जर्मनी फिरून होते. पलीकडची बाई जुन्या वळणाची असते. ती जुन्या यादीतली माणसे घेऊन पडताळते: काउफमान, उलरिश, लुडविश, काउफमान, आंटोन, रिशार्ड, नॉर्डपोल, ईडा. इंगेलहाइम आणि ईडा एकच, हे दोघांच्याही ध्यानात यायला थोडा वेळ लागतो, पण येते. मग ती वेळ सांगते: गुरुवार, हाल्ब फीअर. विद्यार्थी आभार मानतो. एकही वाक्य पुन्हा विचारावे लागले नाही, एकदाही इंग्रजी आली नाही. दाढेचे दुखणे विसरून तो घरी फोन लावतो आणि काकांना मुद्दाम बोलावून हे सांगतो.

गुरुवारी तो बरोबर साडेचार वाजता दवाखान्यात शिरतो. काउंटरमागची बाई आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहते, मग त्याच्याकडे, आणि त्यानंतर दोन मिनिटे ती जे काही बोलते, वेळेबद्दल, एक तास ताटकळलेल्या डॉक्टरबद्दल आणि हल्लीच्या विद्यार्थ्यांबद्दल, ते त्याला शब्दन्‌शब्द समजते.